खणातला नकाशा

सडबरी, रविवार

प्रिय हेल्वी,

काल खाणकंपन्यांच्या ग्रंथपालांच्या संघटनेनं मला पुरस्कार दिला, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तू वाजवल्यास. रेनो ज्यात गेला त्या अपघाताच्या चौकशीत जुन्या बोगद्यांचा नकाशा मी पाच मिनिटांत हजर केला, म्हणून आलेल्या अर्जांतून माझी निवड झाली.

पाच मिनिटांत सापडला, कारण तो माझ्याच खणात होता.

अपघाताच्या तीन दिवस आधी रेनो ग्रंथालयात आला होता. "ताई, खाली आमच्या बोगद्याच्या भिंतीतून पाणी झिरपतंय. पलीकडे जुना बोगदा आहे का, बघ ना."

मी मानसुद्धा वर केली नाही. "पुरस्काराचा अर्ज भरतेय रे. शुक्रवारी बघते."

"बरं बाई, आधी तुझा पुरस्कार, मग माझं पाणी!" म्हणत तो हसत गेला.

शुक्रवारी नकाशा उघडला. पलीकडचा बोगदा पाण्यानं भरलेला होता. फोन उचलला, तोच खाणीचा धोक्याचा भोंगा वाजला. नकाशा मी खणात सरकवला.

रेनोनं नकाशा कधी मागितला होता, हे चौकशीत कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

काल निघताना तू म्हणालीस, "ताई, पुरस्काराचा हा फलक तुमच्याकडच्या रेनोच्या फोटोशेजारी लावू या." उद्या तू खिळा-हातोडी घेऊन येशील. मी हे पत्र खणात टाकीन, कॉफी ठेवीन, आणि खिळा कुठं ठोकायचा ते दाखवीन.

तुझी नणंद,
सिर्का