त्याच्या बाजूचे गहू

२ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर एव्हान्थिया सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, वर्षाचा कोलिवा या खेपेला मिठाईवाल्याकडूनच आण हो! परत साखर रडायला नको."

बायका हसल्या. मीही हसले. घरी येऊन नको असताना दोन कांदे चिरले.

स्ताथिसला जाऊन वीस तारखेला वर्ष होईल. प्रार्थना तेवीसला, रविवारी. कोलिवाचे, त्याच्या नावाने वाटायच्या प्रसादाचे गहू मीच उकडणार. ठरलं!

४ ऑक्टोबर

तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी केलेल्या कोलिवाचं एकदा लिहूनच टाकते.

चर्चमध्ये ताट नेलं तेव्हा सगळं नीट होतं. खाली गहू, बदाम, डाळिंबाचे दाणे. त्यावर भाजलेल्या पिठाचा थर, वर पिठीसाखर, हाताने दाबून गुळगुळीत केलेली. चंदेरी साखरगोळ्यांचा क्रूस आणि त्याखाली स्ताथिसच्या नावाचं पहिलं अक्षर. पाद्रीबाबांची प्रार्थना संपेतो साखर पिवळी पडली, पाझरली. क्रूस कलला. अक्षर गेलंच. सगळ्या गावासमोर माझा नवरा माझ्याच ताटात विरघळला!

एव्हान्थियाने ताटावर रुमाल टाकला. भाऊ तिचा. तिलाही लाज वाटली असणार.

मी सगळ्यांना सांगितलं, पीठ जुनं होतं.

७ ऑक्टोबर

अथेन्सहून मरिगोचा फोन. "आई, हट्ट कशाला? बाबांना काय कळणार आहे कोणी केलं ते?"

मला कळणार आहे ना, बाई.

९ ऑक्टोबर, रविवार

त्याचा रंगाचा डबा उघडला. ब्रश दगडासारखे झालेत.

बंदरातल्या निम्म्या होड्यांवरची नावं त्याच्या हातची. प्रत्येक नावाच्या शेवटच्या अक्षराला तो लाटेसारखी शेपटी काढायचा. मी तिसरीत शाळा सोडलेली. आईच्या शेळ्या होत्या. लग्नानंतर त्याला डबा द्यायला बंदरावर जायचे आणि तो रंगवत असताना एकेक अक्षर डोळ्यांनी गिरवायचे. कोणाला सांगितलं नाही. दोन हिवाळे गेले. मग एक दिवस तो नवी होडी रंगवून हात पुसत होता, आणि मी तिचं नाव मोठ्याने वाचलं.

हातातली चिंधी तशीच. "आसिमिना, तू कधी शिकलीस गं?"

"तुझ्या पाठीमागे उभी राहून."

त्या दिवशी तो जेवलाच नाही. मला घेऊन बंदरभर फिरला, होडी न् होडी वाचून घेतली. "हिला बघा, हिला!" कोळ्यांना सांगत सुटला. मी लाजून मेले होते. आज त्यातली एक होडी दिसली, रंग उडालेला. शेपटी अजून आहे.

१२ ऑक्टोबर

मूठभर गहू उकडून करून पाहिलं. पीठ नवं, ताजं भाजलेलं. तासाभरात साखर ओली!

म्हणजे पीठ नाही.

१३ ऑक्टोबर

आता खोटं लिहून कोणाला फसवू? ही वही माझीच आहे.

आई उकडलेले गहू पलंगावर पसरायची. अख्ख्या पलंगावर स्वच्छ चादर, दाण्याला दाणा लागू नये इतके पातळ. दक्षिणेचा ओला वारा असला तरी मग वाळतात. चाळिसाव्याला मी सगळे गहू माझ्या अर्ध्या बाजूवर घातले. वीतभर ढीग! मी खुर्चीत झोपले. त्याच्या बाजूची उशीसुद्धा हलवली नाही. ढिगाच्या पोटात पाणी राहणारच. काल तर ते पलंगावर गेलेच नाहीत, बशीतच ठेवले.

पिठाला उगाच बोल लावला वर्षभर.

२० ऑक्टोबर

वर्ष झालं. कॉफी दोघांची टाकली. ओतली नाही, प्यायले दोन्ही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे गहू उकडले. चाळणीत निथळले. चादर घेऊन पलंगापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे.

मग त्याची उशी उचलली. खाली चष्म्याची फुटकी काडी सापडली. सबंध घर शोधलं होतं आम्ही तिच्यासाठी, आणि त्याने आरोप माझ्यावर ठेवला होता!

मोठ्याने म्हणाले, "जरा सरक, स्ताथिस."

चादर टाकली. या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरले.

२२ ऑक्टोबर

दाणे दाताखाली धरून पाहिले. बाहेरून कोरडे, आतून मऊ. खिडकी उघडी ठेवली आहे. वारा दक्षिणेचाच.

२३ ऑक्टोबर, रविवार

टिकली! शेवटच्या मेणबत्तीपर्यंत साखर कोरडी ठक्क. अक्षराला मी लाटेची शेपटी काढली होती. म्हातारा कोळी निकिफोरोस वाकून बघत राहिला, मग डोळे पुसत म्हणाला, "हे तर माझ्या होडीवरचं!"

सगळ्यांनी कोलिवाची आपापली पुडी घेतली, देव त्याला क्षमा करो म्हणाले. एव्हान्थिया शेवटी आली. खाल्लं. चघळत राहिली.

"कशावर वाळवलेस, वहिनी?"

"पलंगावर."

"अख्ख्या?"

मी मान डोलावली. चार महिन्यांपूर्वी तिचाही नवरा गेला आहे. तिने माझ्या हातातून दुसरी पुडी घेतली आणि माझी ओढणी उगाचच नीट केली.

२५ ऑक्टोबर

पाठीला गव्हाचा एक दाणा टोचला म्हणून जाग आली. बघते तर सकाळ झालेली, आणि मी त्याच्या बाजूला झोपले होते.