तणमोराची उडी आणि माझा घोटा

पिंपळनेर,
श्रावणातला शुक्रवार

लखीचंदशेठ यांना अभिमनचा दोन्ही हात जोडून आणि एक पाय उशीवर ठेवून रामराम. (उशीचं पुढे येतंच.) तुमची तब्येत, कानाचं यंत्र, धापूभाभींचे गुडघे, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करतो. तुम्ही सुरतेत सातव्या मजल्यावर राहता हे मला अजून खरं वाटत नाही; इथे दुकानाच्या ओट्यावरून उतरतानासुद्धा तुम्ही भिंत धरायचे. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमचा अर्पित तो मोठ्या आवाजावर लावून साऱ्या घराला ऐकवतो, म्हणून हे पत्र. आमची मंजुळा म्हणाली, आता पत्र कोण लिहितं? म्हटलं, एसटीत जन्मभर तिकिटं फाडली, एक तिकीट चिकटवू दे की.

परवा अर्पित इकडे येऊन गेला. त्याने तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे : अभिमनकाका गवतात उड्या मारत होते. मारत होतो. पण का मारत होतो ते त्याने सांगितलं नसणार, कारण त्याने मला विचारलंच नाही. (पोरगा सज्जन आहे. मोठ्यांना प्रश्न विचारत नाही, सरळ दवाखान्यात नेतो.)

शेठ, तणमोर आलाय. आपल्या माळावर, तुमच्या वडिलांनी गवतासाठी घेऊन ठेवलेल्या त्याच तुकड्यावर. तीच काळी मान, डोक्यामागे वळलेली ती लांब पिसं, पंखावर पांढरा पट्टा. कोंबडीएवढा जीव, पण गवतातून एकदम सरळ वर उसळतो, पंख फडफडवतो, घशातून बेडकासारखी खरखर करतो आणि टाकलेल्या दगडासारखा खाली जातो. आठवतं ना, शाळा बुडवून आपण पालथे पडून बघायचो? तव्यात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी साऱ्या माळावर ती पाखरं वर-खाली, वर-खाली! तुम्हाला हसू आवरायचं नाही, तुम्ही टोपीत तोंड खुपसायचे. मग एकेक माळ नांगरला गेला, उरलेल्यावर गवताची कापणी लवकर व्हायला लागली. त्यांची अंडी जमिनीवरच, म्हणजे गुरांच्या पायाखाली. एका पावसाळ्यात ती आलीच नाहीत. तुम्ही-मी ओट्यावर बसून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो, शेठ, पण त्यावर कधी बोललो नाही.

यंदा आलाय तो एकटाच. मी सकाळी चहासुद्धा न घेता जातो. तो उडी मारतो, मान ताणून चहूकडे बघतो, थांबतो, पुन्हा मारतो. मादी दिसत नाही. (मादी गवताच्याच रंगाची असते, असली तरी दिसत नाही, एवढ्यावर आम्हा दोघांचं चाललंय.) वनखात्याच्या एक बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, देशात आता फार थोडे उरलेत, पण गवत उभं राहिलं तर हा पुढच्या पावसाळ्यातही इथेच येईल.

म्हणून मी आमच्या सरपंच बेबाबाईंकडे गेलो. म्हटलं, दिवाळीपर्यंत गुरं तिकडे सोडू देऊ नका.

"नाना, ते पाखरू उड्या कसाले मारस?" तिने विचारलं.

"मादीले बलावाले."

"मंग उनी का ती?"

"अजून नही."

बाईला त्याची दया आली असावी, कारण माझ्याबरोबर माळावर आली. आणि शेठ, त्या दिवशी पाखराने जागचं हलायचं नाव घेतलं नाही. बेबाबाईला ग्रामपंचायतीत काम होतं, ती उठायला लागली. आता हीही चालली म्हणून मी घाबरलो. म्हटलं, थांब, मीच दाखवतो. खांद्यावरच्या टॉवेलची दोन टोकं पंखांसारखी धरली आणि मारली उडी. पहिली बरी झाली. दुसरीला घशातली खरखरही काढली. तिसऱ्या उडीत वर असतानाच मला रस्त्यावर पांढरी गाडी दिसली, गाडीशी अर्पित दिसला, आणि तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण लावणारे मोजणीचे दोघे दिसले. खाली आलो तो उंदराच्या बिळात.

"नाना, वय काय, करी काय राह्यनात!" बेबाबाई ओरडली. सगळे धावत आले, माझ्याभोवती वाकले, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या पाठीमागे तो उडाला. काय उडी होती, शेठ! मी जिवाच्या आकांताने म्हटलं, "मागे बघा, मागे!" अर्पितने माझं डोकं मांडीवर घेतलं. "काका, बोलू नका. डोक्याला लागलं असेल."

कोणीही बघितलं नाही. घोटा मुरगळलाय, मोडलेला नाही. अर्पितने गाडीतून उचलून घरात आणून ठेवलं, त्याला आशीर्वाद सांगा. बाकी इकडे सगळं ठीक.

तुमचा,
अभिमन

ता. क. : तो तुकडा सौरऊर्जेच्या कंपनीला द्यायचं घाटतंय, असं अर्पितने गाडीत सांगितलं. जमीन तुमची, त्यात मी बोलणारा कोण. तरी बोलतो. तो देऊ नका. पलीकडचा तुमचा खडकाळ बरड द्या, तिथेही ऊन तेवढंच पडतं.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी काठी टेकत माळावर जाऊन आलो. (मंजुळाला कळवू नका.) पाखरू नाही. कालही बेबाबाईला दिसलं नव्हतं. माणसांना बिचकलं असेल, नाहीतर वाट बघून कंटाळलं असेल. हे न लिहिता पत्र टाकता आलं असतं, पण मग तुम्ही पाखरासाठी हो म्हटलं असतं. आज माळ रिकामा आहे आणि मी रिकामाच मागतोय. गवत कमरेला लागलंय. एकदा येऊन जा. वाऱ्याने ते सगळं एका अंगाला झुकतं, तेव्हा शेजारच्याला 'बघा' म्हणावंसं वाटतं. मी मान वळवतो, तर शेजारी कोणी नसतं.