वितीएवढी त्रिज्या

४ ऑक्टो. ९८, बोरी बु.
लेकीच्या बाळंतपणासाठी सौ. हडपसरास गेली, ती सव्वा महिन्याच्या बोलीवर. तो केव्हाच उलटला. जावईबापूंचे निवेदन: बाळास सांभाळणार कोण? प्रश्न रास्त. आम्हांस सांभाळणार कोण, हा उपप्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

८ ऑक्टो.
इ. ९ वीस 'वर्तुळ' आरंभिले. परिघावरील प्रत्येक बिंदू केंद्रापासून समदूर असतो, असे गंभीर मुद्रेने प्रतिपादिले. बोरी–हडपसर अंतर मात्र प्रत्यही वाढते आहे. सिद्धता सवडीने.

११ ऑक्टो.
दिवाळी तोंडावर. दरवर्षी सौ. ओट्यावर, उंबऱ्यापुढे, वर्तुळ काढून त्यात कमळ भरते. ती परंपरा खंडित होऊ नये म्हणून शेजारच्या हौसाबाईंनी नुकत्याच सारवून दिलेल्या ओट्याच्या मध्यभागी खिळा ठोकला, सुतळी बांधली, वर्तुळ रेखिले. निर्दोष! खिळा उपटताच भलामोठा पोपडा निघाला. केंद्रस्थानी खड्डा.
हौसाबाई कमरेवर हात ठेवून, "सर, ओट्यावर म्हस बांधायची व्हती का?"

१४ ऑक्टो.
एसटीडी बूथवरून सौ.ला फोन. मागे रांग, रांगेस कान. सबब जे विचारायचे ते विचारले नाही. हवापाणी, बाळाची सर्दी. अखेरीस खिळ्याचा वृत्तांत सादर केला. हसली. पुष्कळ दिवसांनी ऐकले ते. म्हणाली, "अहो, खिळा कशाला? अंगठा टेकवायचा नि करंगळी फिरवायची. मग त्या रेघेवर रांगोळी सोडायची."
म्हणजे कमळाची त्रिज्या ही सौ.ची वीत!

१५ ऑक्टो.
प्रयोग. ओटा अरुंद, आमची वीत थोर. वर्तुळ एकीकडे उंबऱ्यावर आरूढ, दुसरीकडे पायरीवरून अधोगत. पुसले. बोटे थोडी आखडून तिच्या वितीचे माप आठवू लागलो. तो हात आपल्या हाताशेजारी ठेवला तर कुठवर
असो.

१७ ऑक्टो.
पुन्हा बूथ. रांग होतीच. तरी म्हणालो, "दिवाळीला ये."
मागे कुणीतरी खाकरले. तिकडे बाळाची कुरकुर. मग, "बघते. बाळ उठलंय, ठेवते."
बूथवाला पैसे घेईना. म्हणे, "ऱ्हाऊ द्या, सर, बोलणंच किती झालं?"

१९ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
प्रातःकाळी बोटे आखडून अर्धे वर्तुळ काढले. तिथेच थांबलो.
"आर्धंच व्हय, सर? रांगोळी सरली का?" हौसाबाई.
म्हटले, उर्वरित कंस दुसऱ्या वितीने पुरा व्हायचा आहे. यावर त्यांनी ओट्याकडे निघालेल्या आपल्या कोंबड्या हाकलल्या.
सायं. नारायणगावची एसटी (हडपसरहून येणाऱ्यास हीच) फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. उठलो नाही. रांगोळीचा डबा उंबऱ्याशी ठेवला आहे, झाकण काढून.