भाकरी उलटायच्या आत

बाई, कामोठ्यात माझा क्लास आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता एका किराणा दुकानाच्या वर माझी खोली आहे आणि बाहेर पाटी, 'व्याकरणाशिवाय फाडफाड इंग्रजी'. तुम्ही ती वाचली असतीत तर चष्मा कपाळावर चढवून नुसतं "अच्छा?" म्हणाला असतात आणि मी मुकाट्यानं पाटी उतरवली असती. पण खोटं कशाला बोलू, ती वाचूनच मुली येतात. नियमांचं नाव काढलं की शेजारच्या क्लासकडे वळतात.

मी मात्र नियमांवरच वाढले, आणि तेही तुमच्या मोहल्ल्यातल्या स्वयंपाकघरात. शाळेत एके दिवशी मराठीच्या सरांनी मला वर्गात उभं करून माझ्या 'आमी' आणि 'नाय'ची नक्कल केली होती, सगळा वर्ग हसला होता. तुम्ही, आमच्या इंग्रजीच्या बाई, व्हरांड्यातून जात होतात. "संध्याकाळी घरी ये," एवढंच म्हणालात. तुमचे साहेब कुवेतला, घरात तुम्ही एकट्या, समोर तांदळाच्या पिठाची परात. भाकरी तव्यावर पडली की तुमचा इंग्रजीत प्रश्न येतो, आणि ती उलटायच्या आत माझं पूर्ण वाक्य आलं पाहिजे. चुकलं तर तुम्ही रागवत नाही, पुढच्या भाकरीला तोच प्रश्न. मी अगदी रडकुंडीला येते. बरोबर आलं की ती भाकरी माझी, वर सुकटीची चटणी. अजूनही भूक लागली की मला आधी कर्ता आठवतो, मग क्रियापद.

"बेटा, मराठी तुझ्या घरची आहे, ती हवी तशी बोल," तुम्ही म्हणाला होतात. "इंग्रजी इथे कुणाच्याच घरची नाही. तिथे नियम सगळ्यांना सारखे. ते पक्के असले की तुला हसायची कुणाची टाप नाही." मी त्यावर विसंबून राहिले आणि तरले.

पण दिवस बदलले, बाई. मॉलमध्ये, बँकेत, मोबाईलवर जो तो तोंडाला येईल तसं इंग्रजी बोलतो आणि कुणाचं काही अडत नाही. मलाही वाटायला लागलं की आपण उगाच घोकत बसलो. मुलींना सांगायचे, अडलात तर हातवारे करा, पण थांबू नका. अशीच एक मुलगी कर्नाळ्याच्या बाजूच्या गावातून येते. बोलायला धीट, शिवाय घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. एका बिल्डरच्या ऑफिसात रिसेप्शनची जागा निघाली, तेव्हा मीच तिला हट्टानं पाठवलं. दुपारी ती परत आली ती पर्स मांडीवर घेऊन बसूनच राहिली.

"काय झालं? कळलं नाही का त्यांना तुझं बोलणं?"

"कळलं ना, सगळं कळलं. पन त्या दोघी मॅडम एकमेकींकडं बघून हसल्या. बोलल्या, कळवतो." मग म्हणाली, "त्यांचा शेट बी असाच बोलतो. मी ऐकला ना. त्याला कोन हासत नाय."

शेटच्या दाराशी मोठी गाडी उभी असते, त्याला नियम कशाला लागतात? नियम लागतात ते आमच्यासारख्यांना, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मी मात्र या पोरीला भर उन्हात अनवाणी पाठवलं होतं. फार वाईट वाटलं, बाई.

"मला ते नियमाचं शिकवा," ती म्हणाली. "पाटीवर ज्याच्याशिवाय लिवलंय, ते."

आता ती संध्याकाळी माझ्या घरी येते. माझी भाकरी तुमच्यासारखी होत नाही, कडेला फाटते, पण प्रश्न तव्यावर पडतोच. सुरुवातीला बिचारीच्या वाट्याला एकही भाकरी येईना. काल तिनं वाक्य पूर्ण केलं आणि न थांबता पुढची चार वाक्यं बोलून गेली. त्यातलं एक चुकलं होतं. मी सुधारलं नाही, भाकरी तिच्या ताटात टाकली. मला तुमचंच एक बोलणं आठवत होतं, "मी आता पिठात पाणी मोजून घालते का? पण हाताला कळेपर्यंत मोजलं होतं." सोमवारी तिची दुसरीकडे मुलाखत आहे. जीव टांगणीला लागलाय माझा.

पाटी अजून तशीच आहे. उतरवीन.

हे पत्र मी खरं तर इंग्रजीत लिहायला बसले होते. तीन ओळी झाल्या, चौथीत अडखळले आणि कागद फाडला. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक असून भीती वाटली. म्हणून मराठीत लिहिलं. मराठी माझ्या घरची आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. तरीही कुठे 'आमी' राहून गेलं का, ते बघायला मी हे सगळं दोनदा वाचलं.