फटफटीचा पट आणि मागची सीट

४ जाने. २०१५, रवि.
बोदलकसाला या वर्षीचा पहिला पट. बैलांच्या शर्यतीचा पट बंद झाल्यापासून आम्ही फटफट्यांचा लावतो, नियम मात्र बैलांचेच. जोडी हवीच, म्हणून गाडीवर दोघं. हे पुढे, मी मागे. वळणावर मी धुऱ्याच्या बांधाकडे झुकायचं, नाहीतर दोघंही धानाच्या बांधीत आडवे. आज दुसरे आलो. मुर्रीची कविता आणि तिचा भाऊ पहिले. "वहिनी, वजन कमी करा जी," म्हणे मला! चुलीत जा म्हटलं.

११ जाने., रवि.
मुर्रीला जिंकलो!! जिंकेल त्याच्या गावी पुढचा पट, म्हणजे शेवटचा, चषकाचा, आमच्याकडे. सासूबाई: "आता सारे आपल्याच घरी जेवाले येतीन. एवढं कोण रांधन वो?" तोंडाने कुरकुर, पण तांदूळ निवडायला बसल्यासुद्धा. मी हवेत.

१६ जाने.
गोंदियाचे शोरूमवाले शेठ पटाच्या समितीकडे आले. मोठा चषक, मंडप, भोंगे. सगळे खूश, मीही. मग अटी. गाडी त्यांच्याच दुकानची, चालवणारा एकटा, शेवटचा पट गोंदियात, तिकीट लावून. "पीछे बैठके कौन रेस करता है, भाभी?" अध्यक्ष मोतीरामकाकांनी सही ठोकली. पाळी आमच्या गावची होती ना, विचारलं.
"नियम बदलले पोरी."
"कधी?"
"आत्ताच."
हसू आलं आणि रागही. मागची सीट गेली की माझा पटच संपला.

२२ जाने.
तिरोड्याच्या भाऊंना निवडणूक लढवायची आहे आणि शेठ पडले विरोधकांचे. म्हणून भाऊंनी वेगळी समिती काढली. त्यांचा पट त्यांच्या वाढदिवसाला, नेमका शेठच्याच दिवशी. अध्यक्ष दोन, चषक दोन, गाडीवाले होते तेवढेच. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं होणार पटाचं. हे म्हणाले, "आपण कायले कुठं जाऊन राहिलो? आपल्या बांधीत चालवू." असा नवरा हवा!

१ फेब्रु., रवि.
काय दिवस होता! तिरोड्यात म्हणे भाषणंच संपेनात, गाड्या उभ्या त्या उभ्याच. गोंदियात एकेकटे सुटलेले गडी पहिल्याच वळणावर धपाधप आडवे. सवय जोडीची, मागे झुकायला कोणी नाही! तिकीट काढलेले लोक पैसे परत मागायला लागले तेव्हा शेठ म्हणे मंडपामागून निघून गेले.
आमच्याकडे दुपारपर्यंत बाहेरचं कोणी नाही. मग एक गाडी दिसली. कविता आणि तिचा भाऊ. "आमाले तिथं मागं बसू नाही देत. पाळी तुमची होती, आलो."
दोनच गाड्यांचा पट, बघायला अख्खं गाव. थोडक्यात हरलो. चषक नाही, हार नाही, भाषण तर नाहीच. जेवताना इतकी हसले की ठसका लागला. किती बरं वाटलं.

८ फेब्रु.
शेठनी यांना फोन केला. पुढच्या रविवारी परत एकट्याची रेस. यांना नवी कोरी गाडी देतात, जिंकले तर ती आपलीच. गाडी कोणाला नको? आमची तर किक मारून मारून पाय गळतो. हे त्यांना 'उद्या सांगतो' म्हणाले. समित्या दोन्ही मोडल्यातच जमा.
संध्याकाळी कविताचा फोन. "जिंकलो आमी, पाळी आमची. रविवारी आमच्या बांधीत लावून राहिलो. शेठची न भाऊची, गावातल्या दोन्ही पार्ट्या नाही म्हणते, तरी लावतो. येता ना जी, दोघं?"
हे समोरच बसले होते, मान खाली घालून. मी हो सांगून टाकलं. यांना अजून विचारलेलं नाही.