निळं बटण

अवधपुरी, रविवार संध्याकाळ

भावजी चिडून गेले. जाऊ देत.

हे देवाघरी गेल्यावरही आमचा रविवारचा अंतराळयुद्धाचा डाव चालूच आहे. टेबलावर काळी चादर, पुठ्ठ्याची जहाजं आणि टॉर्पेडो म्हणून यांच्या जुन्या शर्टांची बटणं. आज भावजींनी माझं शेवटचं जहाज उडवलं आणि माझं निळं बटणही उचलायला लागले.

"वहिनी, जहाजच गेलं. आता टॉर्पेडो कसला?"

मी त्यांचा हात धरला. "ठेवा खाली. सुटलेला टॉर्पेडो दर फेरीला सरळ पुढे जातो, सोडणारं जहाज राहो न राहो. यांनीच ठरवलंय."

"दादाने लाडावून ठेवलंय तुम्हाला. घर विकून पुण्याला चला म्हटलं, तर त्यातही हाच हट्ट!"

मी नुसतं बटण वीतभर पुढे सरकवलं. ते त्यांच्या शेवटच्या जहाजावर धडकलं. बरोबरी!

"दादाच्या नियमाने वाचलात," ते पुटपुटले.

"नियम त्यांचा, भावजी. नेम माझा होता."

निळं बटण पुसून डबीत ठेवलं. यांचा आवडता शर्ट होता तो. हट्टी आहे का मी? असेन. घर विकायचं नाही.