मेमरीची जोडी

बोरी बुद्रुक,
बुधवार, फेब्रुवारी २००६

चि. ऋषी यास सावळाराममामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत, अक्काचे गुडघे आणि तुमच्या इमारतीचं पाणी ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे तुझी मामी खुशाल, कांदा खुशाल, उसात बिबट्या आहे तोही खुशाल. खुशाल नाही तो फक्त तू दिलेला लॅपटॉप, आणि त्याच्यापायी मी. पुढचा मजकूर बसून वाच.

रविवारी जुन्नरला सभा आहे हे तुला ठाऊक आहेच. बैलबाजारात कापडाखाली बोटं धरून भाव ठरवायची पद्धत बंद करून उघड बोली सुरू करायची की नाही, याचा निकाल बाजार चालवणारी मंडळी त्या सभेत देणार आहेत. अर्धं आयुष्य मी यावर बोलतोय. माणसानं विजेचा दिवा शोधला, मतपेटी शोधली, पण बैलाचा भाव अजून अंधारातच ठरतो, हे माझं वाक्य ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन जेवतात. (सोपान माझ्या प्रत्येक भाषणात झोपतो आणि टाळीच्या वेळी बरोबर जागा होतो.) म्हणून या वेळी पुरावा दाखवायचा: सरूबाईच्या बैलाचा भाव दलालानं कापडाखाली एक ठरवला आणि तिला दुसराच सांगितला, त्या व्यवहारात वाऱ्यानं कापड उडालं तेव्हा तू काढलेले बोटांचे फोटो, मोठ्या पडद्यावर. ती स्वतः उभी राहून बोलणार आहे, जन्मात पहिल्यांदा. दलालांचे पुढारी सयाजीशेठ यांनी जाहीर केलंय की पुरावा दिसला नाही तर हा विषय कायमचा मिटला. आणि तुझा लॅपटॉप तिसऱ्या फोटोला जो बसतो, तो उठतच नाही.

तू फोनवर म्हणालास, मेमरी कमी आहे, रिकाम्या खाचेत अजून एक बसवून घ्या. सोपी गोष्ट. पण आमच्या गावात सोपानला विचारल्याशिवाय पंप, ट्रॅक्टर किंवा जावई घरात येत नाही. बैलाची पारख करण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही, आणि त्याच्या मते बाकी सगळं जग हे बैलाचेच प्रकार आहेत. त्याच्या टॉवेलात लॅपटॉप गुंडाळून आम्ही मोटारसायकलवर जुन्नर गाठलं. बाजारपेठेच्या बोळात राजरत्नचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. (गुणी पोरगा. माझी भाषणं ऐकून वाढलो म्हणतो.) त्यानं मेमरीच्या दोन पट्ट्या समोर ठेवल्या: एक नवी पाचशेबारा एमबीची, दुसरी वापरलेली दोनशेछप्पनची, आपल्या जुनीची हुबेहूब बहीण. माझं मन मोठीवर गेलं. सोपाननं दोन्ही उजेडात धरून त्यांचे सोनेरी दात तपासले. "दात समदे हायेत. पर ह्यो थोरला जुन्याच्या जोडीला लावशील तर जू तिरकं जाईल राव. थोरला वढंल, बारका फरफटंल." राजरत्न म्हणाला, काही बिघडत नाही, दोन्ही चालतात. सोपान म्हणाला, "चालाया काय, गाढाव बी चालतं."

ऋषी, इथे माझ्यातला कार्यकर्ता जागा झाला. दुबळ्याला बलवानाच्या जोडीला जुंपणं हे शोषण नव्हे तर काय? समता म्हणजे समता. मी धाकटीच्या बाजूनं कौल दिला. मग भावाची वेळ आली आणि सोपाननं सवयीनं हातावर कापड टाकलं. (कापड कुठून आलं ते विचारू नकोस.) मी विरोध केला नाही असं समजू नकोस. मी विरोधाचं भाषण लगेच सुरू केलं, आणि ते रंगेपर्यंत कापडाखाली व्यवहार उरकला होता. मध्येच राजरत्न "काका, असंच करू ना?" असं काहीसं म्हणाला. मी तेव्हा 'शेतकऱ्याचा हात मोकळा झाला पाहिजे' या वाक्यावर होतो, त्या वाक्याला मी हात वर करतो. तो हात त्यानं होकार समजला.

घरी येऊन बघतो तर मेमरीचा आकडा जुनाच. फोटो तिसऱ्यावर ठप्प. लॅपटॉप पालथा घालून झाकण उघडलं: एका खाचेत आत्ता आणलेली धाकटी, दुसरी खाच मोकळी. सोपान ओरडला, "आरं, दावणीचा जुना गेला कुठं?" राजरत्नला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "काका, सोपानमामांनी शेवटी बोटं उलटी केली. मला वाटलं, जुनी घे न् ही दे. अदलाबदल. मी तुमाला इचारलं बी." सोपानच्या हिशेबी उलटी बोटं म्हणजे 'आता वर काही मिळणार नाही'. मी गरजलो, याला साक्षीदार कोण? तर पोरगा म्हणतो, "कापडाखाली काय झालं ते तिसऱ्याला कसं दिसंल काका? तुमीच तर सांगता."

ते माझं वाक्य आहे, ऋषी. त्याला टाळ्या पडतात. काल त्याची चपराक पडली.

आपली जुनी पट्टी परत मागितली तर ती गेलेली. दुकानातली ती थोरलीही गेलेली. दोन्ही सयाजीशेठनी त्यांच्या लॅपटॉपला लावून नेल्या. थोरली-धाकटी एका जुवात, आणि म्हणे सुसाट चालतंय. माझा वर्षभराचा संताप त्या पट्टीतून शत्रूला मिळाला की काय म्हणून मी घाबरलो होतो, पण राजरत्न म्हणतो, वीज गेली की ती सगळं विसरते. म्हणजे आमच्या श्रोत्यांसारखीच.

अक्काला नमस्कार सांग.

तुझा,
सावळाराममामा

ता. क. शनिवारी पहिल्या एसटीनं नीघ. पाचशेबाराची आण. समतेचा प्रश्न आपण सभेनंतर पाहू.

ता. क. आत्ताच सरूबाई येऊन गेली. "भाऊ, मशीन चालंल ना? न्हाईतर मी उगं लोकांपुढं हुबी ऱ्हायची." मी चालेल म्हणालो. तेव्हा शनिवार चुकवू नकोस.

ता. क. ते कापड माझी शाल होती. उघड बोलीच्या लढ्यासाठी ओतूरला माझा सत्कार झाला, तेव्हाची. रविवारी तीच पांघरून या, असा संयोजकांचा निरोप आहे. तुझ्या मामीनं धुऊन दोरीवर टाकली आहे. सोपान म्हणतो, शनिवारपतुर वाळव, ऋषीसंगं थोरल्याचा भाव करायचाय. मी अजून नाही म्हणालेलो नाही.